अफूच्या पैशाचा वाडा: लुईस बेट आणि मॅथेसन घराणं

१८४४ साली जेम्स मॅथेसन नावाच्या व्यापाऱ्याने एक बेट विकत घेतलं. किंमत १ लाख ९० हजार पौंड. बेटाचं नाव लुईस, स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या वाऱ्याच्या तोंडी. सुमारे चार लाख एकर जमीन, त्यातली बहुतेक दलदलीची किंवा खडकाळ, आणि तिच्यावर राहणारी सतराएक हजार माणसं. माणसं काही विकली गेली नव्हती. पण त्यांची घरं, गुरांची चराई, चुलीत जाळायचं पीट (दलदलीतली कुजलेली, वाळवलेली माती), किनाऱ्याला लागणारं शेवाळ, हे सगळं आता नव्या मालकाच्या मर्जीवर होतं. वर्षाचा खंड भरायचा आणि मालकाने सांगितलं की उठायचं, जमिनीवर त्यांचा हक्क म्हणाल तर एवढाच.

बेट मॅथेसन घराण्याकडे ७४ वर्षं राहिलं. त्यांनी बांधलेला लूज कॅसल आजही स्टॉर्नोवे बंदरासमोर उभा आहे. घराणं मात्र तिथून गेलं, आणि १९२३ मध्ये वाडा आणि गावाभोवतीची जमीन दोन्ही लोकांकडे आले. जमीनदारीच्या कहाण्या स्कॉटलंडमध्ये शेकड्याने आहेत; डनरॉबिनचा किल्ला आणि सदरलंडच्या ड्यूकने उठवलेली गावं यांच्यावर तर कपाटभर लिहिलं गेलंय. तरी मी लुईस निवडलं, कारण इथे खरेदीपासून हस्तांतरापर्यंतचा सगळा खेळ ऐंशी वर्षांच्या आत उरकतो आणि प्रत्येक खेळाडू ओळखू येतो. शिवाय या वाड्याचा पैसा मुंबईवरून गेलेला आहे.

‘कॅसल’ या शब्दाने फसू नये. तट नाही, खंदक नाही, कधी वेढा पडलेला नाही. बुरूज आणि दाते आहेत ते शोभेचे. ग्लासगोचा वास्तुकार चार्ल्स विल्सन याने ट्यूडर धाटणीत उभारलेली ही श्रीमंताची कोठी. म्हणून मी तिला वाडाच म्हणणार आहे.

आधीचे मालक

लुईस मुळात मॅक्लाउड कुळाचं. सोळाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्या घरातच वारसाहक्काची भांडणं पेटली आणि राजा सहाव्या जेम्सने १५९८ मध्ये बेट फाइफच्या काही सरदार-सावकारांना वसाहत करायला देऊन टाकलं. ते टिकले नाहीत. १६१० मध्ये किंटेलच्या मॅकेन्झींनी त्यांच्याकडून हक्क विकत घेतले. हेच घराणं पुढे सीफोर्थ म्हणून ओळखलं गेलं आणि सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ बेट त्यांच्याकडे होतं.

सीफोर्थांची कमाई जमिनीतून आणि जमिनीवरच्या माणसांतून होती. माणसं म्हणजे खंड, माणसं म्हणजे किनाऱ्यावरचं शेवाळ जाळून त्याची राख करणारे हात (ती राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना लागे), आणि माणसं म्हणजे पलटण. १७९३ मध्ये फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी याने ७८वी हायलँडर्स ही पलटण उभी केली, तिच्यात लुईसचे तरुण होते. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर चालत गेली. असईची लढाई आपण दौलतराव शिंद्यांच्या बाजूने वाचतो. समोरच्या रांगेतल्या काही पोरांची आई या बेटावरच्या दगडी झोपडीत गेलिक भाषेत प्रार्थना करत असेल, हे सहसा डोक्यात येत नाही.

नेपोलियनची युद्धं १८१५ मध्ये संपली, परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आणि शेवाळाच्या राखेचा भाव कोसळला. त्याच वर्षी जानेवारीत हाच फ्रान्सिस मॅकेन्झी, शेवटचा लॉर्ड सीफोर्थ, वारला. तो बहिरा होता, आणि चारही मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेलेले. मागे मुलगी आणि कर्जाचा डोंगर. मुलीने आणि जावयाने तीसेक वर्षं तगून पाहिलं. जावई मध्यंतरी सिलोनचा गव्हर्नरही होऊन आला. १८४३ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी बेट विकावं लागलं. जमिनीवर जगणारं घराणं जमीन आटली की बुडतं, त्यात नवल नाही. नवल पुढच्या मालकाचं आहे.

पैसा कुठला

जेम्स मॅथेसनचा जन्म १७९६ चा, सदरलंडमधल्या लेअर्गजवळचा. एडिंबरात शिकून तो कलकत्त्याला काकांच्या पेढीत लागला. तिथे म्हणे काकांनी एका जहाजाच्या कप्तानाला पोचवायला दिलेलं पत्र तो विसरला, जहाज निघून गेलं, काका भडकले आणि पोरगा चीनमधल्या कँटन बंदराच्या वाटेला लागला. गोष्ट खरी असो वा रचलेली, कँटनला तो पोचला आणि तिथे त्याची विल्यम जार्डिनशी गाठ पडली. १८३२ मध्ये दोघांनी जार्डिन मॅथेसन ही पेढी काढली.

पेढी चहा, रेशीम, कापूस, सगळंच हाताळायची. नफ्याचा कणा मात्र अफू. चीनमध्ये अफू बेकायदा होती, ती किनाऱ्यापासून दूर उभ्या जहाजांवरून चोरून विकली जाई. ही अफू दोन प्रकारची. एक बंगाल-बिहारची, कंपनी सरकारच्या मक्त्याची, कलकत्त्याला लिलाव होणारी. दुसरी माळव्याची. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची, आणि कंपनीला कितीही वाटलं तरी ती मुठीत येईना. इंदूर-उज्जैनचे सावकार माल वळसा घालून राजस्थान-सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला पोचवत. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने नाद सोडला आणि पेटीमागे परवाना शुल्क घेऊन माल सरळ मुंबईला येऊ दिला.

मुंबईत जार्डिन मॅथेसनचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. जार्डिन आणि जमशेटजी यांची ओळख १८०५ सालची. जार्डिन तेव्हा ‘ब्रन्सविक’ जहाजावर डॉक्टर होता, जमशेटजी प्रवासी. फ्रेंचांनी ते जहाज पकडलं आणि दोघे एकदमच कैद झाले. त्या ओळखीवर पुढे माळव्याच्या पेट्या समुद्रापार गेल्या. जमशेटजींच्या संपत्तीतून मुंबईला जे.जे. रुग्णालय मिळालं, माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशातून झाला. दोन्ही १८४५ मध्ये खुले झाले. म्हणजे ज्या काळात मुंबईत या व्यापाराचं रूपांतर इस्पितळात आणि पुलात होत होतं, त्याच काळात व्यापाराचं दुसरं टोक स्कॉटलंडमध्ये बेट विकत घेऊन बसलं होतं. जे.जे.च्या आवारात उभं राहून अफूचा विचार कोण करतो? लुईसमध्येही तेच झालं.

१८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू याने कँटनमध्ये वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यातल्या सुमारे सात हजार एकट्या जार्डिन मॅथेसनच्या. मग युद्ध झालं, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, आणि १८४२ मध्ये मॅथेसन गडगंज होऊन मायदेशी परतला. दुसऱ्या वर्षी जार्डिन वारला, त्याची पार्लमेंटमधली जागा मॅथेसनला मिळाली. लग्नही त्याच वर्षी, मेरी जेन पर्सिव्हल हिच्याशी. पुढच्या वर्षी बेट.

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे. सीफोर्थांचं पोट लुईसवर होतं. मॅथेसनचं नव्हतं. त्यामुळे तो सीफोर्थांपेक्षा कितीतरी उदार होऊ शकला आणि कितीतरी बेफिकीरही. बेटाने त्याला काही दिलं नाही तरी त्याचं अडत नव्हतं. बेटावरच्या माणसांचं मात्र त्याच्यावाचून अडत होतं.

वाडा आणि बटाटा

वाड्याला जागा निवडली ती सीफोर्थांच्या जुन्या घराचीच, बंदरापलीकडची टेकडी. काम १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. वाडा आणि भोवतालची बाग मिळून लाखभर पौंड लागले, म्हणजे अख्ख्या बेटाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. लुईसवर झाड म्हणून नव्हतं. मॅथेसनने बाहेरून मातीचे ढीग आणवले, हजारो झाडं लावली, काचघरं बांधली. आज त्या बेटांवरचं सर्वांत मोठं जुनं रान ते हेच, आणि शाळेची पोरं त्यात सहलीला जातात.

वाड्याचा पाया भरला जात असताना बेटावर बटाटा कुजत होता. १८४६ पासून हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, करपा पडला. आयर्लंडइतके लोक इथे मेले नाहीत, पण सगळी मदार एकट्या बटाट्यावर असलेल्या या कुळांपुढे उपासमार उभी राहिली. मॅथेसनने धान्याचं पीठ आणवलं, तीस हजार पौंडांहून जास्त खर्च केला, रस्ते, बंदर, पडीक जमीन सुधारणं अशी कामं काढली आणि मजुरीतून लोकांना जगवलं. याबद्दल १८५१ मध्ये त्याला बॅरोनेट केलं गेलं, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’ हा किताब मिळाला. ही मदत खोटी नव्हती. ज्यांनी हायलँड्समधले इतर जमीनदार पाहिलेत त्यांनी ती कमी लेखू नये.

पण त्याच १८५१ साली त्याचा कारभारी जॉन मन्रो मॅकेन्झी वही घेऊन गावोगाव फिरत होता. ही रोजनिशी टिकून राहिली आहे, म्हणून आपल्याला आतली बाजू कळते. कुणाचा किती खंड थकलाय, घरात कमावते किती, कॅनडाला पाठवण्याजोगं कोण. दोन-दोन वर्षांची बाकी असलेल्यांना सांगितलं जाई: बाकी माफ, जहाजाचं भाडं मालक देईल, निघा. न निघालात तर गुरं जप्त आणि घर खाली. अशा ‘मदतीने’ १८५१ ते १८५५ मध्ये सतराशेहून अधिक माणसं क्वेबेक आणि ऑन्टॅरिओला गेली. लोक बहुधा जायला राजी नव्हते. कारभाऱ्याला त्याचं कोडं पडलेलं दिसतं. इतकं दारिद्र्य, आणि तरी हे चिखलाचे तुकडे का सोडवत नाहीत यांना?

मॅथेसनच्या डोक्यातला हिशेब व्यापाऱ्याचा होता. तोट्यातला माल काढा, नवा धंदा लावा. पीटपासून पॅराफिन तेल काढण्याचा कारखानाच त्याने बेटावर उभारला. रसायनशास्त्र बरोबर होतं. पण त्याच सुमाराला अमेरिकेतून खनिज तेल येऊ लागलं आणि १८७४ मध्ये कारखाना बंद पडला. कल्पक माणूस, यात वाद नाही. कॅलनिशच्या प्राचीन शिळांभोवती साचलेला पुरुषभर पीटचा थर १८५७ मध्ये त्यानेच उपसायला लावला, त्या शिळा आज पूर्ण उंचीने दिसतात त्या त्याच्यामुळे. फक्त कुळांना काय हवंय हा प्रश्न त्याच्या हिशेबात कधी आला नाही. त्यांना जमीन हवी होती, आणि तिच्यावरून कुणी उठवणार नाही अशी खात्री.

कारभारी

१८५३ मध्ये नवा कारभारी आला, डोनाल्ड मन्रो. व्यवसायाने वकील. पुढच्या वीस वर्षांत त्याने बेटावरची जवळजवळ प्रत्येक खुर्ची आपल्या बुडाखाली घेतली: सरकारी वकील तोच, गरीब-मदत मंडळाचा अध्यक्ष तोच, शाळा मंडळाचा अध्यक्ष तोच, स्वयंसेवक दलाचा कप्तान तोच. कुळ तक्रार घेऊन कुणाकडेही गेलं तरी टेबलाच्या पलीकडे मन्रो. लोक त्याला ‘शहा’ म्हणत, इराणच्या शहावरून. कोकणात खोताच्या कारभाऱ्यांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्याला हा माणूस ओळखीचा वाटेल.

बर्नेरा हे लुईसच्या पश्चिमेचं छोटं बेट. तिथल्या कुळांची उन्हाळी चराई समोरच्या मुख्य बेटावर होती. शिकारीसाठी ते रान हवं म्हणून १८७२ च्या सुमारास मन्रोने ती चराई काढून घेतली आणि बदल्यात दुसरी, आखूड जागा दिली. लोकांनी कुरकुरत मान्य केलं. दोन वर्षांनी तीही सोडा म्हणाला. लोक नाही म्हणाले. मार्च १८७४ मध्ये बेलिफ ५८ नोटिसा घेऊन बर्नेरावर उतरला, आणि नोटिसा नुसत्या चराईच्या नव्हत्या, घरातून बेदखल करण्याच्या होत्या. रात्री परतताना अंधारातून त्याच्यावर मातीची ढेकळं आली. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला अडवलं, झटापटीत त्याचा कोट फाटला. ‘बर्नेराचा दंगा’ तो एवढाच.

तिघांवर खटला भरला. त्यातला एकजण काही दिवसांनी स्टॉर्नोवेत सापडला, पोलिसांनी पकडलं. ते कळताच बर्नेराची माणसं निघाली. शंभराहून अधिक पुरुष, पुढे बॅगपाइप वाजवणारा, रात्रभर माळरान तुडवत स्टॉर्नोवेला. तोवर त्याला सोडलेलं होतं. मग ते वाड्याकडे वळले.

सर जेम्स तेव्हा ७७ वर्षांचे. बाहेर येऊन त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. मला वाटतं ते खरं बोलत होते, आणि खरं तेच जास्त वाईट आहे. ५८ कुटुंबं घराबाहेर काढली जाणार होती आणि मालकाला पत्ता नव्हता. बेटावरच राहूनही उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं. जुलैमध्ये खटला उभा राहिला तेव्हा इनव्हर्नेसहून आलेला वकील चार्ल्स इनिस याने मन्रोला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून हाच प्रश्न विचारला. मन्रो म्हणाला की नोटिसा काढण्यापूर्वी मालकाला विचारलं नव्हतं, कारभारातली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सर जेम्सना विचारण्याची आपली पद्धत नाही.

बारीकसारीक. या एका शब्दाने खटल्याचा निकाल लागला असं मी म्हणणार नाही, पण ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडलं. मन्रोचा कारभार गेला, पाठोपाठ एकेक खुर्चीही. हायलँड्समधल्या कुळांनी कोर्टात जिंकलेली ही पहिली मोठी लढाई मानतात. हे आठ-नऊ वर्षं आधी झालं, स्काय बेटावरच्या गाजलेल्या दंग्यांच्या आधी, आणि एकही बंदूक न चालता.

विधवा, पुतण्या आणि अफू पुन्हा

सर जेम्स १८७८ च्या शेवटच्या दिवशी फ्रान्समध्ये वारले. मूल नव्हतं. बेट लेडी मॅथेसनकडे राहिलं, १८९६ मध्ये ती जाईपर्यंत. तिने वाड्याच्या बागेत पतीचं स्मारक बांधलं. मुलींसाठीची शाळाही तिचीच.

तोवर कायदा बदलत होता. कुळांच्या तक्रारी तपासणारा सरकारी नेपियर आयोग १८८३ मध्ये गावोगाव फिरून साक्षी घेऊन गेला आणि १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने (क्रॉफ्ट म्हणजे कुळाने कसायचा जमिनीचा लहान तुकडा, क्रॉफ्टर म्हणजे तो कसणारा) कुळांना जे हवं होतं त्यातलं अर्धं मिळालं: खंड भरताय तोवर कुणी उठवू शकणार नाही, खंडही आयोग ठरवेल, आणि क्रॉफ्ट पोराला देता येईल. आपल्या कूळकायद्याच्या साठेक वर्षं आधीची गोष्ट. पण ज्यांच्याकडे क्रॉफ्टच नव्हता त्यांना कायद्याने काही दिलं नाही, आणि लोकसंख्या एवढी माणसं कॅनडाला धाडूनही पंचवीस हजारांवर गेलेली. भाऊ भावाच्या तुकड्यावर झोपडी टाकून राहत होता. शेजारी मात्र मोठमोठी मेंढी-फार्मं, आणि पार्क नावाच्या भागात तर गावं उठवून झालेल्या मेंढीरानाचं आता हरणांच्या शिकारीचं रान केलेलं, एका इंग्रज गिरणीमालकाला भाड्याने दिलेलं. जमीन मागायला गेलेल्यांना लेडी मॅथेसनने सुनावलं की या जमिनी माझ्या आहेत, तुमचा त्यांच्याशी संबंध नाही.

नोव्हेंबर १८८७ मध्ये शेकडो माणसं बंदुका आणि झेंडे घेऊन पार्कच्या रानात घुसली. पुढारी बॅलॅलनचे शाळामास्तर डोनाल्ड मॅक्रे. हरणं मारली, शिडाच्या कापडाचे तंबू ठोकले आणि उघड्यावर मांस शिजवून जेवले. गिरणीमालकाची बायको आडवी आली आणि परत जा म्हणाली, तर उत्तर मिळालं की आम्हाला इंग्रजी येत नाही. एडिंबरात खटला चालला, हेही सुटले. पण जानेवारी १८८८ मध्ये ऐग्निशच्या फार्मवर लोक चालून गेले तेव्हा समोर सैन्य होतं, आणि तिथल्या तेरा जणांना तुरुंग भोगावा लागला.

लेडी मॅथेसननंतर बेट आलं पुतण्याकडे, डोनाल्ड मॅथेसनकडे. ही या प्रकरणातली माझी आवडती व्यक्ती, जरी तिचा भाग थोडका असला तरी. डोनाल्ड तरुणपणी कँटनमध्ये काकांच्या पेढीत भागीदार होता. अफूचा धंदा मनाला पटेना म्हणून १८४९ च्या सुमारास त्याने भागीदारी सोडली, आणि म्हातारपणी १८९२ मध्ये तो अफूचा व्यापार बंद करण्यासाठी झगडणाऱ्या इंग्लंडमधल्या संस्थेच्या कार्यकारिणीचा अध्यक्ष झाला. चार वर्षांनी अफूतूनच विकत घेतलेलं बेट वारशाने त्याच्या दारात. नाकारून ते कुणाला देणार? थोड्याच वर्षांत त्याने ते मुलाच्या, डंकनच्या नावावर केलं. पैसा एकदा जमीन झाला की त्याचा वास जातो.

साबणवाला

१९१८ मध्ये डंकन मॅथेसनने लुईस विकलं, आजोबांच्या पिढीने मोजलेल्या रकमेपेक्षाही कमी पैशात. घेणारा विल्यम लीव्हर, लॉर्ड लेव्हरह्यूम. सनलाइट साबणवाला. मराठी घरांत हे नाव परकं नाही. त्याच कंपनीची मुंबईतली शाखा पुढे हिंदुस्थान लीव्हर झाली.

लेव्हरह्यूमनेही मॅथेसनचाच डाव पुन्हा मांडला, आणखी मोठ्या पटावर. मासे, बर्फाचे कारखाने, डबाबंद करण्याचे कारखाने, इंग्लंडभर माशांची दुकानं. वाड्यात वीज आणि मध्यवर्ती उष्णता आणली, भिंती काढून नाचघर मोठं केलं. पोट त्याचंही बेटावर नव्हतं.

बेटाने पहिल्या महायुद्धात सुमारे हजार माणसं गमावली होती. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, घरी परतणाऱ्या नाविकांना आणणारं ‘आयोलेअर’ हे जहाज स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटलं आणि २०१ जण बुडाले. सकाळी गावातल्या बायका किनाऱ्यावर आपापली माणसं ओळखत होत्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जमिनीचं सरकारी आश्वासन घेऊन परतलेल्या सैनिकांनी कोल आणि ग्रेसची फार्मं मागितली. लेव्हरह्यूम म्हणाला नाही, ती मला शहराच्या दुधासाठी हवीत. ग्रेसच्या पुलावर तो हजारभर लोकांसमोर उभा राहिला आणि कारखाने, पगार, नवी घरं, रेल्वे असं चित्र रंगवलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग एकजण उठला आणि गेलिकमध्ये सहकाऱ्यांना म्हणाला की हा गोडबोल्या आपल्याला काळ्याचं पांढरं पटवेल. आम्हाला त्याची स्वप्नं नकोत, जमीन देणार की नाही तेवढं सांगावं.

तो देईना. लोक फार्मांवर घुसून नांगरू लागले. मग मंदी आली आणि त्याचा धंदाच अडचणीत सापडला. एप्रिल १९२३ मध्ये ‘मेटागामा’ जहाजाने अडीचशेहून अधिक तरुण कॅनडाला गेले, या वेळी कुणी ढकलल्याशिवाय. आणि त्याच वर्षी लेव्हरह्यूमने सांगितलं की बेट लोकांना फुकट देतो.

इथे एक गुंता झाला, आणि तो बाजूला सारला तर प्रकरण खोटं होईल. ग्रामीण लुईसच्या बहुतेक लोकांनी भेट नाकारली. कारण साधं होतं: १८८६ नंतर क्रॉफ्टरला उठवता येत नव्हतं, खंड तुटपुंजा होता, आणि मालकीबरोबर स्थानिक कर आणि ओसाड शिकारीच्या रानांचा बोजा येणार होता. कायद्याने जे हवं ते आधीच मिळालं होतं, मग मालकीची फुकटची बिलं कशाला? शहाणपणाचाच हिशेब होता तो. फक्त स्टॉर्नोवे परगण्याने हो म्हटलं. साठ हजार एकरांहून जास्त जमीन स्टॉर्नोवे ट्रस्टकडे आली आणि वाडा गावाला. बाकीचं बेट तुकड्यातुकड्यांनी शिकारीच्या शौकिनांना मातीमोलाने विकलं गेलं.

नंतर

दुसऱ्या महायुद्धात वाड्यात नौदलाचे हवाई सैनिक राहिले. १९५३ मध्ये तिथे तंत्रशिक्षणाचं कॉलेज निघालं. पस्तीसेक वर्षं नाचघराच्या आसपास पोरं सुतारकाम, विणकाम आणि जहाजविद्या शिकली. नंतर वाडा रिकामा पडला, गळू लागला. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये त्याला लागून संग्रहालय उघडलं. तिथे लुईसच्या सुप्रसिद्ध, बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी सहा आहेत, वालरसच्या दातातून कोरलेल्या, १८३१ मध्ये या बेटावर सापडलेल्या. बाकीच्या बहुतेक लंडन आणि एडिंबरात.

१९२३ मध्ये भेट नाकारलेल्या भागांनी पुढे मत बदललं, पण फुकट मिळण्याची वेळ गेली होती. २००३ च्या स्कॉटिश जमीन सुधारणा कायद्याने क्रॉफ्टर समाजांना मालकाची इच्छा नसतानाही जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. उत्तरेकडची गॅल्सन इस्टेट तिथल्या लोकांनी २००७ मध्ये विकत घेतली. पार्कच्या लोकांना मात्र दहा-बारा वर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये वाटाघाटींतून ते रान त्यांचं झालं. तेच रान, जिथे १८८७ मध्ये हरणाचं मांस शिजलं होतं. आज पश्चिमेकडच्या या बेटांवरची अर्ध्याहून अधिक जमीन अशा ट्रस्टांकडे आहे.

स्टॉर्नोवे ट्रस्टचे विश्वस्त मतदानाने निवडले जातात. मतदार परगण्यातले रहिवासी, त्यांत ट्रस्टची कुळंही आली. पवनचक्क्या लावाव्यात का, त्यांचा नफा कुणाचा, यावरून त्यांच्यात कडाक्याची भांडणं होतात, निवडणुका त्याच मुद्द्यावर लढल्या जातात, आणि गावातल्या गावात माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात. क्रॉफ्टचा खंड आता ट्रस्टच्या कचेरीत भरतात. वाड्याच्या बागेत लेडी मॅथेसनने बांधलेलं स्मारक आहे. त्याच्या पायथ्याशी लोक कुत्री फिरवतात.